चार पौंडांचा अंक, फुकटचे शब्द

पिकडिली लाइनचा डबा. जुलै महिना, दुपारचे तीन. डब्यात एसी नाही. दोन डब्यांमधल्या दाराची खिडकी कुणीतरी खाली ओढून ठेवली आहे आणि तिच्यातून बोगद्यातली गरम हवा भपकन तोंडावर येते. या मार्गावर १९०६ पासून गाड्या धावतायत. शंभराहून अधिक वर्षांच्या ब्रेकांची आणि मोटारींची उष्णता भोवतालच्या चिकणमातीत मुरून बसली आहे. वर लंडनला वारा असतो, इथे खाली नसतो.

समोर हीथ्रोहून आलेलं एक कुटुंब. चार बॅगा, त्यातली एक नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेली. आजीच्या मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारं डब्याचं झाकण. तिनं स्वेटर काढलेला नाही. लंडनला थंडी असते, असं घरून बजावून पाठवलेलं असणार.

डोक्यावर जाहिरातींची पट्टी आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या माझ्या 'वेलनेस जर्नी'त सोबत करायला निघाल्या आहेत. एक बँक मला 'एम्पॉवर' करणार आहे. एका गादीवाल्यानं झोप 'रीइमॅजिन' केली आहे. जाहिरातीखालच्या बाकावर आजीला मात्र जुन्याच पद्धतीनं डुलकी लागली आहे.

किंग्ज क्रॉस. दारं उघडतात. सहा भुयारी मार्ग या एका स्टेशनात येऊन मिळतात, त्यामुळे उतरणाऱ्यांचा लोंढा लगेच सहा दिशांना फुटतो. सरकत्या जिन्यावर उभे राहणारे उजवीकडे, घाईतले डावीकडून धाडधाड वर. माझ्या पुढच्या पोरानं बॅग डाव्या बाजूला ठेवली आहे. मागून एक "एक्सक्यूज मी" येतं, दुसरं जरा चढ्या आवाजात येतं, तिसरं येण्याआधी बॅग उजवीकडे सरकते.

वर आल्यावर पहिल्यांदा गार वाटतं. मुख्य दालनाचं छत उंच आहे, एका खांबापासून पांढऱ्या पोलादी फांद्या फुटून सगळीकडे पसरल्या आहेत. हे छत २०१२ चं, मूळ स्टेशन १८५२ चं. छताखाली दोन-तीनशे माणसं उभी आहेत आणि सगळ्यांच्या माना वर आहेत. लीड्स, यॉर्क, न्यूकॅसल, एडिंबरा. गाड्यांच्या नावांपुढे फलाटाची जागा रिकामी आहे. कुणी हातातलं सँडविच खातो आहे, पण खाली न बघता. एका बाईनं मुलाचा हात धरला आहे, तोही वर बघूनच.

आणि मग एडिंबराच्या ओळीत आकडा उगवतो. ४. अर्धं दालन हलतं. चाकाच्या बॅगांचा फरशीवर एकदम खडखडाट. कॉफी सांडते. एक म्हातारे गृहस्थ पळत नाहीत, पण काठी नेहमीपेक्षा जोरात टेकतायत. मिनिटभरात ती गर्दी गेटपलीकडे नाहीशी होते आणि तिच्या जागी नवी गर्दी येऊन मान वर करते.

फलकावरचे शब्द मोजकेच. वेळेवर. उशिरा. रद्द. दोन ओळी सोडून खाली लीड्सच्या गाडीपुढे 'उशिरा' आलं आहे आणि वीस-पंचवीस चेहरे एकाच वेळी पडले आहेत. तीन माणसांचे फोन कानाला लागले आहेत. तिघंही घरी तेच सांगतायत.

दालनाच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच रांग आहे. दोरखंडांमधून नागमोडी वळवलेली. भिंतीत अर्धी घुसलेली सामानाची ढकलगाडी आणि वर पाटी, फलाट क्रमांक पावणेदहा. हॅरी पॉटरच्या गोष्टीतला. रांगेत लहान मुलं आहेत, त्यांच्याहून जास्त मोठी माणसं आहेत. पाळी आली की गळ्यात मफलर अडकवायचा, ढकलगाडीची दांडी धरायची. एक मदतनीस मुलगी मफलरचं टोक हातात धरून बाजूला उभी राहते, "थ्री, टू, वन" म्हणते आणि टोक हवेत भिरकावते. फोटोत मफलर वाऱ्यावर उडतो. मग ती मुलगी फोटोच्या चौकटीबाहेर वाकून पुढच्या माणसासाठी मफलर सरळ करते. सकाळपासून किती वेळा? ती हसते आणि खांदा चोळते.

शेजारचं दुकान याला 'एक्सपीरियन्स' म्हणतं. आता बरंच काही एक्सपीरियन्स झालं आहे. केस कापणं, चष्मा घेणं, गाडीत तिकीट दाखवणंसुद्धा. मफलर उडवणाऱ्या मुलीचा खांदा मात्र नुसता दुखतो आहे.

बाहेर पडते. स्टेशनसमोरच्या चौकात ऊन फरशीवरून उसळून डोळ्यांत येतं. पलीकडे यूस्टन रोड. बस, टॅक्सी, सायकली, रुग्णवाहिकेचा आवाज. चौकाच्या कडेला, दगडी कट्ट्याच्या बारक्याशा सावलीत एक माणूस उभा आहे. पन्नाशीचा असेल. अंगात लाल जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातलेले अंक. 'द बिग इश्यू'.

तो ओरडत नाही. दर दहा-बारा माणसांमागे एकाला उद्देशून काहीतरी बोलतो. "टोपी झकास आहे." "कुत्र्याला तहान लागलीय बघा." माणसं त्यानं तोंड उघडायच्या आत "नो, थँक्स" म्हणतात. काही जण नेमके त्याच्यासमोर आले की फोन काढतात. एकीचा फोन कानाला लागला आहे, पण पडदा उजळलेला नाही.

मी थांबते.

"कसं काय, लव्ह?" तो म्हणतो. उत्तर इंग्लंडकडची ही पद्धत. "तू थांबणार, हे मला आधीच कळलं होतं."

"कसं?"

"पायांवरून. चेहऱ्याकडे बघून काही कळत नाही, लोक नजर चुकवतात. पण थांबणाऱ्याचे पाय दोन पावलं आधीच मंदावतात."

अंकाची किंमत चार पौंड. रुपयांत म्हणाल तर एखाद्या दिवाळी अंकाइतकी. मी पाचाची नोट पुढे करते. त्याला कार्डही चालतं, तळहाताएवढं यंत्र खिशातून बाहेर येतं. दुपारपासून त्याचं नेटवर्क धड नाही. नोट बघून त्याला बरं वाटतं. सगळ्यांत वरचा अंक लोकांनी हाताळून कोपऱ्यात दुमडला आहे. तो मला देत नाही. बोटांनी चाचपून खालून तिसरा, कोरा काढतो. एक पौंडाचं नाणं माझ्या तळहातावर ठेवतो.

धंदा कसा चालतो, तो उभ्या उभ्या सांगतो. छापील किमतीच्या निम्म्यात अंक विकत घ्यायचे, पूर्ण किमतीला विकायचे. उरलेले परत घेत नाहीत. "आज दहा घेतले. वीस पौंड गेले. सहा खपले, चोवीस आले. तुझा सातवा. राहिलेले तीन गेले तर दिवसाचे वीस सुटले."

"आणि नाही गेले तर?"

"आठच सुटले. उद्या परत उभं राहायचं. सोमवारी नवा अंक येतो, मग याला कोण विचारतंय?" तो आकाशाकडे बघतो. "ऊन बरं. पाऊस आला की माणसं पळतात आणि कागद भिजतो. भिजलेला अंक म्हणजे दोन पौंड पाण्यात."

लंडनमध्ये हे साप्ताहिक १९९१ मध्ये सुरू झालं. कल्पना न्यूयॉर्कची. तिथे १९८९ पासून बेघर माणसं 'स्ट्रीट न्यूज' नावाचं पत्र रस्त्यावर विकत. आज तीसहून अधिक देशांत अशी पत्रं निघतात. तत्त्व साधारण सगळीकडे एकच, की विकणारा हा दुकानदार असतो. त्याचा माल, त्याचं भांडवल, त्याचा तोटा. या माणसाची जागाही ठरलेली आहे. इथून वीस पावलं पुढे जाऊन उभं राहायची त्याला मुभा नाही.

"छान दिवस जावो, लव्ह." तो म्हणतो आणि त्याची नजर पुन्हा फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे जाते.

अंक बगलेत धरून मी स्टेशनच्या मागच्या बाजूला, उत्तरेकडे निघते. इथे रुंद पादचारी रस्ता आहे, दोन्हीकडे काचेच्या इमारती, मध्ये नवी झाडं. वीस वर्षांपूर्वीपर्यंत ही रेल्वेची पडीक जमीन होती. ६७ एकरांवर नवी वसाहत उठली आहे. एका बाजूला काम अजून चालू आहे, त्याभोवती फळ्यांचं कुंपण. कुंपणावर फोटो. फोटोतली माणसं कोशिंबीर खाताना हसतायत. त्यांच्या डोक्यावर हातभर उंचीची अक्षरं: व्हायब्रंट. इन्क्लुझिव्ह. सस्टेनेबल. कम्युनिटी. फळीच्या मागे काँक्रीट मिक्सर घरघरतो आहे. दोन कामगार कुंपणाच्या दाराशी सावलीला बसून पाण्याची बाटली आळीपाळीनं तोंडाला लावतायत. 'कम्युनिटी'मधल्या एका अक्षरावर त्यांनी पिवळं शिरस्त्राण टांगलं आहे.

चालता चालता शब्द वाचत राहते. काचेच्या दारावर 'इनोव्हेशन हब'. पावाच्या दुकानावर 'आर्टिसन'. कपड्यांच्या दुकानावर 'क्युरेटेड'. पूर्वी संग्रहालयातली माणसं क्युरेट करत. आता इथे मोज्यांचे सात जोड क्युरेट करून मांडले आहेत.

आपल्याकडचं कुंपण यापेक्षा फार वेगळं नसतं. तिथे चौकाचौकात 'कार्यसम्राट' उभे असतात. बाणेर-बालेवाडीच्या फळ्यांवर 'लक्झुरियस' घरं 'निसर्गाच्या सान्निध्यात' असतात. निसर्ग म्हणजे बहुधा कुंडीतला पाम.

कॉफीची रांग दुकानाबाहेर आली आहे. मी रांगेत. ऊन मानेवर. पुढे दोघं, गळ्यात ऑफिसचे पट्टे.

"माझी या आठवड्यात बँडविड्थ नाही."

"मग सर्कल बॅक करू या. पण गोइंग फॉरवर्ड आपल्याला यात डीप डाइव्ह करावा लागेल."

"अ‍ॅब्सोल्यूटली."

दोघंही मान डोलावतात. काय ठरलं, ते कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही. हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये हेच संभाषण मी मराठीत ऐकलं आहे. "माझी बँडविड्थ नाहीये गं. आपण ऑफलाइन कनेक्ट होऊ." बँडविड्थ म्हणजे वेळ. पण "मला वेळ नाही" म्हटलं की समोरचा विचारतो, का नाही? बँडविड्थ नसली की कुणी काही विचारत नाही. तेवढ्यासाठीच हा शब्द कामाचा.

कॉफी चार पौंडांच्या आतबाहेर. अंकाएवढीच. कपावर हिरवं पान छापलेलं आणि त्याखाली 'सस्टेनेबल'. कप कागदाचा दिसतो, पण अशा बहुतेक कपांना आतून प्लास्टिकचं पातळ अस्तर असतं. ते कागदापासून सुटं करायला वेगळा कारखाना लागतो. ब्रिटनच्या संसदीय समितीनं २०१८ मध्ये हिशेब मांडला होता. देशात वर्षाला असे २५० कोटी कप फेकले जातात आणि ४०० मधला एकही धड पुनर्वापराला जात नाही. माझ्यामागची मुलगी कॉफी संपवते, कप हातात फिरवून पान बघते, तीन रंगांच्या तीन कचरापेट्यांपुढे क्षणभर थबकते. मग मधल्या पेटीत टाकून मोकळी होते.

चौक उघडा होतो. फरशीतून पाण्याची कारंजी उसळतायत. एकूण १,०८० तोंडं आहेत. मुलं चड्डीवर आत घुसली आहेत. एक आई बुरखा घोट्याच्या वर धरून पाण्याच्या कडेनं मुलीमागे धावते आहे. कुणाचा तरी बाप मोबाइल डोक्यावर धरून भिजतो आहे. इतका वेळ वाचलेल्या कुंपणावर जे 'व्हायब्रंट' लिहिलं आहे, ते इथे आहे. इथे पाटी नाही.

मागची लांबलचक विटांची इमारत म्हणजे 'ग्रॅनरी'. लिंकनशरचा गहू इथे साठवत. डावीकडे कमानींची दुहेरी ओळ, 'कोल ड्रॉप्स'. उत्तरेतून कोळशाच्या वाघिणी वरच्या मजल्यावर येत, तळाची झडप उघडत आणि कोळसा खालच्या गाड्यांत पडे. पलीकडे जुन्या 'गॅसहोल्डर'चे लोखंडी सांगाडे आहेत, त्यांच्या गोलात आता फ्लॅट. नावं ऐकली की काम कळतं. गहू ठेवायची जागा, कोळसा पाडायची जागा, गॅस साठवायची जागा. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना कोळशाच्या धुळीनं खोकला लागत होता. 'हब'मध्ये काय ठेवतात आणि काय पाडतात, हे दाराशी दोन मिनिटं उभं राहूनही समजत नाही.

कालव्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. हिरव्या गालिचानं मढवलेल्या. बसायला जागा शोधावी लागते, सगळी ऑफिसं सुटल्यासारखी इथेच आली आहेत. खाली रीजंट्स कालवा, १८२० चा. एक लांबट बोट धुराचा वास सोडत हळू निघून जाते. बोटवाल्यानं छपरावर टोमॅटोची रोपं लावली आहेत.

अंक उघडते. मुखपृष्ठावरच्या कलावंताची मुलाखत. 'धाकट्या स्वतःला पत्र' हे जुनं सदर, ज्यात नावाजलेली माणसं स्वतःच्या सोळाव्या वर्षाशी बोलतात. पुस्तकं, शब्दकोडं. मागच्या बाजूला 'माय पिच', म्हणजे विकणाऱ्यांपैकी कुणा एकाची जागा आणि गोष्ट. उभं कुठे राहतो, किती वाजता येतो, कुठला दुकानदार चहा देतो, हिवाळ्यात पायमोजे किती घालतो.

हा अंकही शब्दांच्या साथीतून सुटलेला नाही. चाळताना 'सोशल एंटरप्राइझ' भेटतं, 'इम्पॅक्ट' भेटतो, 'चेंजमेकर' भेटतो. मघाशी जो माणूस मला नफा-तोटा सांगत होता, त्याच्या व्यवसायाचं नाव कागदोपत्री असं काहीसं आहे. त्याच्या तोंडून ते एकदाही आलं नाही. त्याला दहा, सहा, चोवीस पुरत होते.

शेजारचा मुलगा लॅपटॉपवर अर्ज लिहितो आहे. पडदा उन्हात नीट दिसत नाही म्हणून त्यानं अक्षरं मोठी केली आहेत, मलाही दिसतात. 'पॅशनेट'. मग खोडतो. 'डीपली पॅशनेट'. पुन्हा थांबतो. माठाला पाणी लागून लागून पाझर फुटावा तसं या शब्दांचं झालं आहे. कितीही भरा, राहत काही नाही. मग आधी 'डीपली' लावावं लागतं, पुढच्या वर्षी तेही पुरणार नाही.

आणि तरी काही शब्द शाबूत आहेत. फलकावरचा '४' शाबूत आहे. तो चुकला तर कित्येकांना एडिंबरा गाठायला रात्र होईल आणि कुणालातरी जाब द्यावा लागेल. लाल जाकीटवाल्याचा 'सात' शाबूत आहे, तो चुकला तर त्याच्याच खिशाला चाट. कुंपणावरचा 'व्हायब्रंट' चुकला तर काही होत नाही. कुणी तक्रार घेऊन येत नाही, की व्हायब्रंट म्हणालात, आम्हाला तर इथे झोप येतेय.

सहा वाजून गेले. उलट्या वाटेनं निघताना घरविक्रीच्या कचेरीशी थांबते. काचेच्या पेटीत वसाहतीचं लाकडी प्रारूप. बोटाएवढी झाडं, नखाएवढी माणसं. भिंतीवर घरांचे प्रकार, त्यांत एक 'अफोर्डेबल'. माझ्याशेजारी एक तरुण जोडपं तेच वाचतं आहे. मुलीच्या खांद्यावर परिचारिकेची पिशवी, ओळखपत्र अर्धं बाहेर लोंबतं आहे.

या शब्दाला सरकारी व्याख्या आहे. २०११ पासून 'अफोर्डेबल रेंट' म्हणजे त्या भागातल्या बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. लंडनचं सरासरी भाडं महिन्याला दोन हजार पौंडांच्या वर आहे. त्याचे ८० टक्के म्हणजे सोळाशेच्या वर. कुणाला परवडतं, हे व्याख्येत नाही. मोजमाप बाजाराशी आहे, पगाराशी नाही. आपल्याकडेही जीएसटीच्या हिशेबात 'परवडणारं घर' म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं. मुंबईत त्या किमतीला, कायद्यानं आखून दिलेल्या ६० चौरस मीटरांच्या आत, काय मिळतं हे विचारायला वसई-विरारच्या पुढे जावं लागतं.

मुलगी फोनवर आकडेमोड करते. मुलगा प्रारूपातल्या एका खिडकीकडे बोट दाखवतो. ती फोन त्याच्यासमोर धरते. तो बोट मागे घेतो. दोघं काही न बोलता बाहेर पडतात.

९१ नंबरची बस. भाडं पावणेदोन पौंड. स्टॉपवरच्या पट्टीवर 'चार मिनिटं' लिहून येतं. चाराची सहा होतात, सहाची पुन्हा चार. रांगेतला एक आफ्रिकन बाप मुलाला सांगतो, ही लंडनची मिनिटं आहेत. लोक हसतात. बस येते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळते, पण काच बंद आणि ऊन समोरून. रसेल स्क्वेअर, हॉबर्न, ऑल्डविच. दर स्टॉपला कुणी ना कुणी खाली उतरताना कपाळाचा घाम पुसतो.

स्ट्रँडला उतरते. आठ वाजले तरी उजेड आहे. नाटकाला निघालेल्यांची गर्दी, अत्तराचा वास, टॅक्सीची दारं. आणि बंद झालेल्या दुकानांच्या भिंतीला धरून दुसरी एक रांग. शंभरएक माणसं असतील. बरेचसे पुरुष. झोपायच्या पिशव्या, ट्रॉल्या, एक कुत्रा, एक व्हीलचेअर. काहींचे कपडे इतके नीटनेटके, की रस्त्यावर कुणी ओळखणार नाही.

रांगेच्या तोंडाशी घडीची टेबलं. गुरुद्वारातले स्वयंसेवक. केशरी, निळ्या पगड्यांवाले, डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुली. मोठमोठ्या पातेल्यांतून वाफ. भात, छोले, डाळ, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेल्या पोळ्या. फोडणीचा वास नाट्यगृहाच्या दारापर्यंत गेला आहे. सॅटिनच्या पोशाखातली एक बाई मान वळवून वासाचा माग काढते.

उघड्यावर झोपणाऱ्यांना इथे सरकारी भाषेत 'रफ स्लीपर' म्हणतात. सरकारी असूनही शब्द साधा आहे. दर शरदात एका रात्रीची मोजणी होते. २०१० मध्ये इंग्लंडभरात १,७६८ माणसं मोजली होती. २०२४ मध्ये ४,६६७. उघड्यावर झोपण्याला गुन्हा ठरवणारा कायदा १८२४ चा. तो रद्द करायचं संसदेनं ठरवलं २०२२ मध्ये, १९८ वर्षांनी. या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कुणी कायद्याबद्दल बोलत नाही. बोलणं आहे ते पावसाचं, कुठल्या दाराआड वारा लागत नाही त्याचं, आणि पोळ्या पुरतील का याचं.

टेबलापाशीही शब्द थोडेच. भात? डाळ? दोन पोळ्या? साखर किती? प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर, उत्तरापाठोपाठ पळी. "पुढे सरका." "चमचे इकडे." "गरम आहे, खालून धरा."

रांगेत एक म्हातारा पुढे येतो. पांढरी दाढी, दोन शर्ट एकावर एक, बगलेत गुंडाळलेली चटई. छोल्यांच्या पातेल्याकडे बघून थबकतो.

"तिखट आहे का?"

"थोडं," पळीवाली मुलगी म्हणते. विशीची असेल.

"पोरी, थोडं म्हणजे किती?"

मुलगी त्याच्याकडे बघते. मागची रांग थांबते. ती एक चमचा घेते, कडेचा रस्सा त्यात घालते, फुंकर मारते आणि त्याच्या हातात देते. तो चाखतो. डोळे बारीक करतो. एकदा खोकतो.

"हे थोडं नाही," तो म्हणतो.

"मग जरा जास्त," मुलगी कबूल करते. "डाळ देऊ? ती अगदी फिकी आहे."

तो डाळीच्या पातेल्यात वाकून बघतो, मग पुन्हा छोल्यांकडे बघतो आणि ताट पुढे करतो.

"छोलेच वाढ. पण भात दुप्पट."